दुर्बिणीच्या खर्चात प्रयोगशाळेचा वाटा हवा

एप्रिल २०२५ मध्ये एका बातमीने जगभर खळबळ उडवली. सिंह राशीच्या दिशेला, सुमारे १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या जवळचा दुसरा एक वायू असावा, असा दावा केंब्रिजच्या संशोधकांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून केला होता. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जीवांमुळे तयार होतो. त्यामुळे परग्रहावर जीवसृष्टीची खूण सापडल्याचे मथळे झळकायला वेळ लागला नाही. नंतर इतर गटांनी तीच निरीक्षणं पुन्हा तपासली. संकेत क्षीण आहे, आणि दुसरे काही रेणू गृहीत धरले तरी आलेख तितकाच चांगला जुळतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. चर्चा दुर्बिणीच्या क्षमतेवर झाली, संख्याशास्त्रावर झाली. या सगळ्याच्या तळाशी असलेला प्रश्न मात्र बातम्यांमध्ये जवळजवळ आलाच नाही: तुलनेसाठी वापरलेली रेणूंची यादी आली कुठून, आणि ती किती अपुरी आहे?

दुर्बिणीतून हाती लागतो तो एक नागमोडी आलेख, म्हणजे वर्णपट. कोणत्या तरंगलांबीला प्रकाश किती कमी झाला किंवा वाढला, एवढंच तो सांगतो. त्यावरून रेणूचं नाव काढायचं तर तो रेणू कोणत्या तापमानाला आणि दाबाला कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश शोषतो, याची नोंद आधीपासून हाताशी असावी लागते. ही नोंद पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत कुणीतरी वायू नळीत भरून, बर्फ गोठवून किंवा आयन (विद्युतभारित अणू-रेणू) सापळ्यात अडकवून मिळवलेली असते, किंवा अशा मोजमापांवर तपासून घेतलेल्या गणितातून आलेली असते. ज्या रेणूची नोंद नाही, तो विश्लेषणाच्या दृष्टीने विश्वात नसतोच. त्याच्या रेषा, म्हणजे शोषणाच्या खुणा, आलेखात असल्या तरी त्या निनावी राहतात. त्याहून वाईट म्हणजे, यादीत असलेल्या दुसऱ्याच एखाद्या रेणूच्या नावावर त्या जमा होतात.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की खगोलशास्त्राच्या प्रत्येक मोठ्या दुर्बिणीच्या अंदाजपत्रकात प्रयोगशाळेतल्या वर्णपटमापनाचा ठरलेला वाटा असावा. तो दुर्बीण कामाला लागल्यावर उरल्यासुरल्या पैशांतून देऊन भागणार नाही. बांधणीच्या पहिल्या वर्षापासूनच तो मिळायला हवा. वेब दुर्बिणीवर सुमारे १० अब्ज डॉलर खर्च झाले. तिचे आलेख वाचण्यासाठी लागणारी मापनं मात्र अनेक ठिकाणी तीन-तीन वर्षांच्या छोट्या अनुदानांवर कशीबशी चालतात. हे गणित मला चुकीचं वाटतं, आणि पुराव्यासाठी या शास्त्राच्या इतिहासात फार खोल जावं लागत नाही.

मेरी ली हेगर या अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत काम करत होत्या. १९१९ च्या सुमारास दूरच्या ताऱ्यांच्या वर्णपटात त्यांना काही पसरट, काळसर पट्टे दिसले. ते ताऱ्याचे नव्हते, वाटेतल्या वायू-धुळीचे होते. पुढच्या शंभर वर्षांत असे पाचशेहून अधिक पट्टे नोंदले गेले आणि त्यांतल्या जवळपास एकाचंही नाव कुणाला सांगता येईना. खगोलशास्त्रातलं वर्णपटाचं हे सर्वांत जुनं कोडं आहे. दुर्बिणी मोठ्या होत गेल्या, पट्ट्यांची संख्या वाढत गेली, आणि कोडं होतं तिथेच राहिलं. ते थोडंसं सुटलं ते एका प्रयोगशाळेत, आणि कसं सुटलं ते जरा तपशिलात सांगण्यासारखं आहे.

१९९३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला जॉन मायर यांच्या गटाने साठ कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या रेणूचा धनभारित आयन गोठलेल्या निऑनमध्ये अडकवून त्याचा वर्णपट मोजला. पुढच्याच वर्षी बर्नार्ड फोइंग आणि पास्काल एरेनफ्रॉइंड यांना ताऱ्यांच्या प्रकाशात जवळपास त्याच जागी, म्हणजे ९५७.७ आणि ९६३.२ नॅनोमीटरला, दोन पट्टे सापडले. पण ‘जवळपास’ एवढ्यावर कुणी नाव देत नाही. निऑनच्या शेजारामुळे रेणूचे पट्टे थोडे सरकतात, आणि नेमके किती सरकतात ते कुणालाच माहीत नव्हतं. हा आयन मोकळा, वायूसारखा, आणि अवकाशाइतका थंड असताना मोजायला हवा होता. ते जमायला दोन दशकं गेली. २०१५ मध्ये मायर यांच्या गटाने आयन सापळ्यात धरले, सुमारे ६ केल्विनपर्यंत (म्हणजे उणे २६७ सेल्सियस) थंड केले आणि प्रत्येकाला हेलियमचा एक अणू चिकटवला. मग त्यांच्यावर लेझरचा प्रकाश टाकून ते तरंगलांबी बदलत गेले. आयनाने प्रकाश शोषला की हेलियमचा अणू सुटतो आणि वस्तुमान घटतं. वस्तुमान घटलेले आयन मोजले की शोषणाची नेमकी जागा कळते. दोन्ही पट्टे ठरल्या जागी आले. पुढे हबल दुर्बिणीने त्याच आयनाचे आणखी क्षीण पट्टेही शोधले. पाचशेपैकी मोजक्या पट्ट्यांना नाव मिळालं ते असं.

त्या सापळ्याची किंमत कोणत्याही अवकाश दुर्बिणीच्या तुलनेत नगण्य असणार. १९९३ ते २०१५ हा काळ निसर्गाने ठरवलेला नव्हता. काम कठीण होतं हे खरं, पण असं काम करू शकणारे गट जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते आणि आजही आहेत. आणि ज्या रेणूची ही गोष्ट, त्याचा शोधसुद्धा याच वाटेवर लागला होता. कार्बनने समृद्ध ताऱ्यांभोवती कोणते रेणू बनत असतील, याची नक्कल प्रयोगशाळेत करताना १९८५ मध्ये क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांच्या हाती तो लागला, आणि १९९६ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

रेडिओ खगोलशास्त्रातही हेच घडलं आहे. १९७० मध्ये डेव्हिड बुल आणि लुइस स्नायडर यांना ८९.१९ गिगाहर्ट्झच्या आसपास एक ठळक रेषा सापडली. ती कशाची हे कळेना, म्हणून तिला ‘एक्सोजेन’ असं तात्पुरतं नाव दिलं. विल्यम क्लेम्परर यांनी लगेच अंदाज बांधला की हा हायड्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजनचा एक आयन असावा. अंदाज बरोबर होता, पण तो सिद्ध झाला १९७५ मध्ये, जेव्हा विस्कॉन्सिनमध्ये क्लॉड वुड्स यांच्या गटाने तो आयन विद्युत विसर्गात तयार करून त्याची रेषा मोजली. आज हा आयन दाट मेघांच्या अभ्यासातला रोजच्या वापरातला रेणू आहे.

बर्फाची गोष्ट आणखी नाजूक आहे, आणि मला स्वतःला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. तारे जन्मतात त्या दाट, काळोख्या मेघांत तापमान १० केल्विनच्या आसपास असतं, म्हणजे उणे २६३ सेल्सियस. तिथे धुळीच्या कणांवर पाणी, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, अमोनिया, मिथेन आणि मिथेनॉल गोठून बसतात. पुढे याच सामग्रीतून धूमकेतू आणि ग्रह घडतात. २०२३ मध्ये वेब दुर्बिणीने सुमारे ६३० प्रकाशवर्षांवरच्या कमेलिऑन मेघाच्या मागे असलेल्या ताऱ्यांचा प्रकाश वापरून हे सगळे बर्फ एकत्र पाहिले. कौतुक झालं ते दुर्बिणीचं, आणि ते रास्तच होतं. पण ते आलेख उलगडले कशाशी ताडून? नेदरलँड्समधल्या लायडन इथे मेयो ग्रीनबर्ग यांनी १९७५ मध्ये उभारलेल्या प्रयोगशाळेसारख्या मोजक्या ठिकाणी अनेक दशकं जमवलेल्या वर्णपटांशी.

असा एक वर्णपट मिळवायला काय लागतं, ते पाहा. आधी स्टीलच्या पात्रातली हवा काढत काढत दाब वातावरणाच्या दहा लाख कोटींव्या भागाइतका खाली आणायचा. त्यासाठी पात्र काही दिवस तापवत ठेवावं लागतं, कारण भिंतींना चिकटलेलं पाणी सहजासहजी निघत नाही. मग आतली एक छोटी चकती हेलियमच्या शीतकाने १० केल्विनपर्यंत थंड करायची. बारीक नळीतून अगदी थोडा वायू तिच्यावर सोडायचा. त्याचा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही (एका मायक्रॉनहूनही) पातळ थर गोठतो. त्यातून अवरक्त प्रकाश पाठवायचा आणि आलेख घ्यायचा. मग तापमान थोडं वाढवायचं आणि पुन्हा आलेख. मिश्रणाचं प्रमाण बदलायचं आणि सगळं पहिल्यापासून. कार्बन मोनॉक्साइड शुद्ध असला तर ४.६७ मायक्रॉनजवळचा त्याचा पट्टा अरुंद असतो. पाण्यात मिसळला की पट्टा पसरतो आणि सरकतो. कार्बन डायऑक्साइडचा १५ मायक्रॉनजवळचा पट्टा, मिश्र बर्फ गरम होऊन त्यातला हा वायू वेगळा झाला की, दोन शिखरांत फुटतो. दुर्बिणीच्या आलेखात ती दोन शिखरं दिसली, तर तो बर्फ कधीतरी एखाद्या जन्मणाऱ्या ताऱ्याच्या उबेत येऊन गेला आहे, हे आपल्याला कळतं. प्रयोगशाळेत कुणी हे आधी पाहिलं नसतं, तर ती दोन शिखरं केवळ कुतूहलाचा विषय राहिली असती.

आणि इथे एक हिशेब आहे, जो निधी देणाऱ्या समित्यांनी जरूर करावा. पट्ट्याच्या क्षेत्रफळावरून बर्फात किती रेणू आहेत हे काढायचं तर एक रेणू किती प्रकाश शोषतो हा आकडा लागतो, आणि तो प्रयोगशाळेतच मिळतो. त्या आकड्यात २० टक्के चूक असली तर अंतिम उत्तरातही २० टक्के चूक राहते. दुर्बीण दुप्पट मोठी करा, निरीक्षणाचा वेळ चौपट करा, ती चूक तसूभरही कमी होत नाही. आपण आलेखातली खडखड, म्हणजे नको असलेले चढउतार, कमी करण्यासाठी अब्जावधी खर्चतो आणि त्याच उत्तरातली दुसरी, कमी खर्चात कमी होण्यासारखी चूक तशीच ठेवतो.

जिथे तयारी आधी झाली होती तिथे काय घडलं, हेही सांगायला हवं. वास्प-३९बी या उष्ण ग्रहाच्या वर्णपटात वेबला ४.०५ मायक्रॉनजवळ एक अनपेक्षित उंचवटा दिसला. तो सल्फर डायऑक्साइडचा आहे हे लवकरच कळलं, कारण त्या वायूची उच्च तापमानाची रेषासूची दुर्बीण उडण्याच्या काही वर्षं आधीच तयार झाली होती. परग्रहाच्या वातावरणात ताऱ्याच्या प्रकाशामुळे रसायनं घडतात याचा तो पहिला ठोस पुरावा ठरला. २०२३ मध्ये मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात एका तरुण ताऱ्याभोवतीच्या चकतीत अनोळखी रेषांचा झुपका दिसला. खगोलशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतल्या वर्णपटतज्ज्ञांना सोबत घेतलं आणि तो मिथिल आयन निघाला. कार्बनच्या रसायनाची सुरुवात करून देणारा हा आयन अवकाशात असणार असं १९७० च्या दशकापासून मानलं जात होतं. त्याला कायमचा विद्युत द्विध्रुव (एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण असा भाराचा असमतोल) नसल्याने रेडिओ दुर्बिणींना तो दिसणं शक्यच नव्हतं. दोन्ही वेळा माणसं आणि नोंदी हाताशी होत्या. दर वेळी असं होईल यावर विसंबून राहता येत नाही.

या मागणीवर एक आक्षेप हमखास येतो: आता संगणक इतके समर्थ झाले आहेत की रेणूचा वर्णपट गणितानेच काढता येईल, मोजायची गरज काय? आक्षेपात तथ्य आहे. परग्रहांसाठी लागणाऱ्या कोट्यवधी रेषांच्या याद्या एक्सोमोलसारख्या प्रकल्पांत मुख्यतः गणितानेच बनतात. उच्च तापमानाच्या प्रत्येक रेषेचं मोजमाप करणं कुणालाही शक्य नाही. पण त्या याद्यांतल्या ऊर्जापातळ्या मोजलेल्या आकड्यांना बांधून घेतल्या जातात, तेव्हाच त्या विश्वासार्ह होतात. थंड मेघांच्या बाबतीत तर गणित पुरतच नाही. १०० गिगाहर्ट्झजवळ अशा मेघातली रेषा साधारण ०.१ मेगाहर्ट्झ रुंद असते. गणितात दशांश एक टक्का चूक झाली तरी रेषा १०० मेगाहर्ट्झ सरकते, म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या हजारपट. तेवढ्या पट्ट्यात इतर रेणूंच्या कितीतरी रेषा असतात. २०२४ मध्ये वृषभ राशीतल्या टीएमसी-१ या मेघात सायनोपायरीन हा कार्बनच्या कड्यांचा मोठा रेणू सापडला, तो ग्रीन बँकच्या १०० मीटर दुर्बिणीने. पण त्याआधी रसायनशास्त्रज्ञांनी तो रेणू प्रयोगशाळेत तयार केला आणि त्याच्या रेषा मोजल्या, मग दुर्बिणीच्या नोंदींत शोध घेता आला.

मोजमाप चुकीच्या दाव्यांनाही आवर घालतं. २००३ मध्ये ग्लायसिन हे अमिनो आम्ल ताऱ्यांमधल्या मेघांत सापडल्याचा दावा झाला होता. २००५ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की ग्लायसिन खरोखर असेल तर प्रयोगशाळेतल्या मोजणीनुसार आणखी ज्या रेषा दिसायला हव्यात, त्या तिथे नाहीत. जीवसृष्टीच्या खुणांबद्दलचे दावे आता वाढतच जाणार आहेत. डायमिथाइल सल्फाइडचंच बघा: २०२४ मध्ये प्रयोगशाळेत साध्या वायूंच्या मिश्रणावर अतिनील प्रकाश टाकला तेव्हा कोणत्याही जीवाशिवाय तो तयार झाला. हा प्रयोग एरवी फारशा कुणाच्या नजरेत भरला नसता. आज के२-१८बीबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाला तो विचारात घ्यावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रयोगशाळा म्हणजे अवकाश नव्हे. मेघात एखाद्या धूलिकणावर दहा लाख वर्षांत जेवढा अतिनील प्रकाश पडतो, तेवढा आपण काही तासांत ओततो. अशा निर्वात पात्रातली घनतासुद्धा मेघातल्या घनतेहून बहुधा जास्त असते. अवकाशातला धूलिकण सच्छिद्र, वेडावाकडा असतो, आणि आपली चकती सपाट. हे सगळं खरं आहे. २००२ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी बर्फावर अतिनील किरण टाकून अमिनो आम्लं मिळवली, तेव्हाही ही शंका उपस्थित झाली होती आणि ती योग्यच होती. पण यातून निष्कर्ष निघतो तो अधिक प्रयोगांची गरज असल्याचा: वेगवेगळ्या वेगाने किरण टाकून पाहण्याचा, सच्छिद्र सिलिकेटवर बर्फ गोठवून पाहण्याचा. असे प्रयोग न करता केलेली अनुमानं प्रयोगांपेक्षा अचूक कशी ठरणार, ते मला समजत नाही.

मग हे काम मागे का पडतं? मला वाटतं, कारण श्रेयाच्या व्यवस्थेत आहे. एका रेणूचा वर्णपट काटेकोर मोजायला वर्ष-दोन वर्षं जातात आणि त्यातून एक शांत, आकड्यांनी भरलेला लेख निघतो. ‘यात नवीन काय?’ असा प्रश्न परीक्षक विचारतात. दहा वर्षांनी त्या आकड्यांवर एखादा गाजलेला शोध उभा राहतो, तेव्हा संदर्भ बहुधा डेटाबेसचा दिला जातो आणि मूळ मोजणाऱ्याचं नाव मागे राहतं. नोकरीच्या मुलाखतीत याला वजन नसतं. रसायनशास्त्र विभागाला हे खगोलशास्त्र वाटतं आणि खगोलशास्त्र विभागाला रसायनशास्त्र. एखादा प्राध्यापक निवृत्त झाला की त्याचं उपकरण झाकून ठेवलं जातं. पात्रातली गळती कानाने ओळखणारा, कोणता झडप कधी किती फिरवायचा हे जाणणारा माणूस एकदा गेला की ते कौशल्य कागदावरून परत मिळत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेच्या दशवार्षिक खगोलशास्त्र अहवालाने नव्या वेधशाळांसाठी लागणाऱ्या प्रयोगशाळीय माहितीचा आढावा घ्यायला तज्ज्ञांचं मंडळ नेमावं, असं सुचवलं होतं. दिशा योग्य आहे, पण आढावा घेणं आणि अंदाजपत्रकात रक्कम लिहिणं यांत बरंच अंतर आहे.

माझी मागणी म्हणूनच रकमेबद्दलची आहे. दुर्बिणीच्या एकूण खर्चाच्या एक टक्का रक्कम वर्णपटमापनासाठी राखून ठेवली, तर वेबच्या आकारमानाच्या प्रकल्पात ती १० कोटी डॉलर होते. एवढ्यात अनेक प्रयोगशाळा दशकभर सुरळीत चालतील, आणि वर्णपटांचे साठे सांभाळणाऱ्यांना कायम नोकऱ्या देता येतील. हे साठे आज एखाद्या गटाच्या निष्ठेवर टिकून आहेत. त्यांची जबाबदारी वेधशाळांनी घ्यावी. कोणते रेणू आधी मोजायचे हे निरीक्षक आणि प्रयोगकर्ते यांनी एकत्र बसून ठरवावं, आणि ती यादी जाहीर असावी, म्हणजे अपुरेपणा सगळ्यांना दिसेल. पैसा मर्यादित आहे आणि एक टक्का म्हणजे कुठलं तरी उपकरण लहान होईल, हे मी मान्य करतो. तरी मी तो सौदा करीन.

युरोपीय अवकाश संस्थेची एरियल दुर्बीण सुमारे एक हजार परग्रहांच्या वातावरणांचा अभ्यास करण्यासाठी तयार होते आहे. त्यांतले बरेच ग्रह हायड्रोजन आणि हेलियमने वेढलेले असतील. हिट्रान हा रेषांचा जगातला सर्वांत वापरातला साठा मुळात पृथ्वीच्या वातावरणासाठी उभारला गेला. त्यामुळे दाबाने रेषा किती रुंदावते याचे त्यातले आकडे प्रामुख्याने हवेतले आहेत. हायड्रोजनमध्ये, शेकडो अंश तापमानाला, त्याच रेषा वेगळ्या प्रमाणात रुंदावतात, आणि कित्येक वायूंसाठी हे मोजमाप अजून अपुरं आहे. एकेका वायूचं असं मोजमाप म्हणजे तापवलेली नळी, काटेकोर दाबमापी आणि एका संशोधकाची काही वर्षं. ती वर्षं एरियल उडण्याआधीची असायला हवीत, म्हणजे त्या कामासाठीच्या जागांची जाहिरात आत्ताच निघायला हवी.